परगणे वेरूळ : एक ताम्रपट आणि तीन तहनामे

महिदपूरची लढाई २१ डिसेंबर १८१७ ची. तिच्यानंतर सोळाव्या दिवशी, ६ जानेवारी १८१८ ला, मंदसोर मुक्कामी होळकर आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तह झाला. इंदूरच्या गादीवर अल्पवयीन मल्हारराव होळकर (दुसरे) होते. त्यांच्या बाजूने तात्या जोग बोलत होते आणि समोर जॉन माल्कम होता. या तहाचे सहावे कलम मुलूख सोडण्याचे आहे. सातपुड्यातला आणि सातपुड्याच्या दक्षिणेचा सगळा होळकरी अंमल, सेंधव्याचा किल्ला, खानदेशातली ठाणी असे एकेक नाव घेत कलम शेवटी निजामाच्या आणि पेशव्यांच्या मुलखात मिसळलेल्या परगण्यांवर येते. तिथे दोनच नावे दिली आहेत, अंबड आणि वेरूळ. बाकीचे 'वगैरे'त गेले.

कैलास लेणे आणि घृष्णेश्वर यांच्यामुळे वेरूळ जगाला ठाऊक आहे. पण मंदसोरच्या त्या तंबूत लेण्यांशी कोणाला काही कर्तव्य नव्हते. तिथे वेरूळ म्हणजे एक परगणा होता : त्याचा वसूल, त्याचा कमाविसदार, त्याची बाकी. कोड्यात टाकते ते वेगळेच. औरंगाबाद ही असफजाही घराण्याची दख्खनेतली पहिली राजधानी. तिच्यापासून वेरूळ तीसेक किलोमीटरवर, आणि दौलताबादचा किल्ला तर वाटेतच. असा परगणा इंदूरकरांचा कसा? आणि तो त्यांचा असताना भोवतालचा मुलूख कोणाचा होता? शाळेतल्या नकाशात निजामाचे राज्य एका रंगात भरलेले असते, त्यामुळे हा प्रश्न मुळात पडतच नाही. कागद वाचायला घेतले की तो रंग ठिकठिकाणी उडू लागतो.

आधी परगण्याची घडण पाहू. मोगली कारभारात सुभा, त्याखाली सरकार, त्याखाली परगणा आणि परगण्यात कसबे व मौजे अशी उतरंड होती. मराठी कागदाच्या मायन्यात ती उलट्या क्रमाने येते : आधी मौजे, मग परगणे, मग सरकार दौलताबाद, शेवटी सुभे खुजस्ते बुनियाद. हे शेवटचे औरंगाबादचे दरबारी नाव, तिथल्या टांकसाळीच्या नाण्यांवरही सापडते. गावाला पाटील-कुलकर्णी, तसे परगण्याला देशमुख-देशपांडे. देशमुख वसुलीला जबाबदार आणि देशपांडे दप्तराला. सरकारचा माणूस, मग त्याला अमील म्हणा की कमाविसदार, बदलत राही. वतनदार पिढ्यान्‌पिढ्या तेच. परगण्यात गावे किती, पैकी ओसाड किती, इनाम कोणाला, कमाल आकार काय आणि चालू वसूल काय, हे सगळे मोडी लिपीतल्या देहझाड्यात उतरलेले असे आणि तो देशपांड्याच्या घरी रुमालात बांधून ठेवलेला असे. नवा धनी आला की त्याची पहिली मागणी या झाड्याची. तलवारीने मुलूख घेता येत होता. पण वसूल घ्यायचा तर देशपांड्याचा रुमाल उघडल्याशिवाय गत्यंतर नव्हते.

या कागदांवरच्या तारखा वाचणे हाही एक उद्योगच आहे. एकाच परगण्याच्या दप्तरात हिजरी, फसली, सुहूर आणि बादशहाचे जुलूस, अशा चारही सनांतले कागद एकावर एक बसलेले असतात. दख्खनी फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, सुहुरात ५९९ किंवा ६००. एका वर्षाची चूक झाली तरी पेशव्याचा कागद निजामाच्या अमलाखाली जाऊन बसतो. दुष्काळाचे साल आणि सुकाळाचे साल यांची अदलाबदल होते ती वेगळीच.

परगणा ही मोगलांची नवी निर्मिती नव्हे. मोगल येण्याआधीच गावांचे गट बांधलेले होते. वेरूळच्याच नावाशी जोडलेला सर्वांत बोलका पुरावा राष्ट्रकूट दंतिदुर्गाचा ताम्रपट आहे. शके ६६३, म्हणजे इ.स. ७४१-४२. एलापुराजवळच्या, म्हणजे वेरूळजवळच्या, गुहेश्वर तीर्थात स्नान करून राजाने पिप्पलाल नावाचे गाव दान दिल्याचे त्यात कोरले आहे. ते गाव कुठले? तर चंदनपुरी-चौऱ्याऐंशीतले. म्हणजे ज्याचे मुख्य ठिकाण चंदनपुरी आहे अशा ८४ गावांच्या गटातले. अभ्यासक ही चंदनपुरी मालेगावजवळची, खंडोबाच्या जत्रेची, असे मानतात. दान वेरूळच्या तीर्थावर झाले, पण दिलेले गाव दुसऱ्याच गटातले निघाले. ताम्रपट कोरणाऱ्याने गटाचे नाव चुकवले नाही, कारण त्याशिवाय दान घेणाऱ्याला आपले गाव सापडलेच नसते आणि वसूल कोणाकडून घ्यायचा तेही कळले नसते. एका ओळीतून एवढे कळते की आठव्या शतकात या भागात मोजदाद झालेले, नाव दिलेले गावगट होते. इ.स. ८१२ च्या कर्कराजाच्या बडोदा ताम्रपटात कृष्णराजाने एलापुरात बांधवलेल्या अद्भुत देवालयाचा उल्लेख येतो, म्हणजे कैलासाचा. तो सगळे उद्धृत करतात. चौऱ्याऐंशीचा उल्लेख मात्र सहसा कोणी करत नाही.

यानंतर कित्येक शतके वेरूळ कागदात येते ते मुक्कामाचे ठिकाण म्हणून. लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या एळापुरातल्या मुक्कामाच्या लीळा आहेत. फरिश्ताने देवगिरीवरच्या स्वारीत एक प्रसंग घातला आहे. गुजरातच्या राजाची मुलगी देवलदेवी देवगिरीकडे नेली जात असताना वेरूळची लेणी पाहायला गेलेल्या खलजी सैनिकांच्या हाती ती लागली. गोष्ट रंगतदार आहे, पण फरिश्ता ती घडल्यानंतर तीनशे वर्षांनी लिहीत होता. तिच्यावरून एवढेच धरावे की सतराव्या शतकाच्या सुरुवातीला दख्खनेतल्या लेखकाला लेण्यांकडे फिरायला जाणारे सैनिक ही अशक्य गोष्ट वाटत नव्हती. फरिश्ताचे इंग्रजी भाषांतर १८२९ मध्ये प्रसिद्ध झाले. भाषांतरकार जॉन ब्रिग्ज हा मंदसोरच्या तहानंतरच्या वर्षांत खानदेशचा कारभार पाहत होता. होळकरांनी सोडलेल्या मुलखाची कागदपत्रे आणि फरिश्ता ही एकाच माणसाच्या मेजावर होती.

जमीन कशी आहे तेही पाहिले पाहिजे, कारण परगण्याची किंमत जमिनीवरून आणि वाटेवरून ठरते. अजिंठ्याच्या डोंगररांगेची एक धार इथे दक्षिणेकडे उतरते. तिच्या पश्चिमेकडच्या कड्यात लेणी, पायथ्याशी वेरूळ गाव आणि येळगंगा, वर पठारावर खुलदाबाद. खालची जमीन काळी, गोदावरीच्या खोऱ्याकडे उतरत गेलेली. पठारावर मुरूम आणि उघडा खडक. खानदेशातून कन्नडचा घाट चढून येणारी वाट याच पायथ्याने दौलताबादेकडे आणि पुढे पैठणकडे जाते. माळव्यातून गोदावरीकडे फौज आणायची तर ही वाट हाताशी असलेली बरी. होळकरांचे डोळे इथे का लागले असावेत, याचे निम्मे उत्तर या वाटेत आहे.

अहमदनगरच्या निजामशाहीत दौलताबाद १४९९ मध्ये आले. या निजामशाहीच्या उत्तरार्धात भोसले घराणे वेरूळशी जोडलेले दिसते. बाबाजी भोसल्यांकडे वेरूळची पाटीलकी होती आणि मालोजी-विठोजी इथलेच, ही परंपरा भोसल्यांच्या वृत्तांतांत ठाम आहे. गावात मालोजीराजांच्या गढीचे अवशेष आहेत. मालोजींना देवीच्या कृपेने जमिनीतले द्रव्य सापडल्याची कथा उत्तरकालीन बखरींत येते, ती बखरींपुरतीच ठेवावी. पाटीलकीचा अर्थ मात्र नीट समजून घ्यायला हवा. पाटील म्हणजे त्या मौज्याचा प्रमुख. परगण्याचा वतनदार देशमुख असे. सिंदखेडच्या जाधवांकडे देशमुखी होती, भोसल्यांकडे पाटीलकी. दोन घराण्यांतल्या सोयरिकीच्या वेळी जे अंतर बखरकार रंगवून सांगतात, त्याची जागा महसुली उतरंडीत अशी नेमकी दाखवता येते.

१६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली आणि या भागाचे वजन दौलताबादेच्या पलीकडे सरकू लागले. १६३३ मध्ये दौलताबाद महाबतखानाने घेतला. १६३६ मध्ये शहाजादा औरंगजेब दख्खनचा सुभेदार झाला. तो दुसऱ्यांदा सुभेदार होऊन आला ते १६५३ मध्ये, आणि त्याच सुमाराला खडकीचे औरंगाबाद झाले. या दुसऱ्या खेपेला त्याच्याबरोबर दिवाण म्हणून मुर्शिद कुलीखान होता. परगण्यांच्या दृष्टीने औरंगजेबापेक्षा हा माणूस महत्त्वाचा.

लढायांनी आणि १६३० च्या दुष्काळाने गावे ओसाड पडली होती. मुर्शिद कुलीखानाने अमीन नेमले, जमिनी मोजवल्या, ज्या गावांना मोकदम उरला नव्हता तिथे मोकदम दिले, बी-बियाणे व बैलांसाठी तगाई वाटली आणि ती पिकावर हप्त्याने वसूल केली. आकारणीच्या त्याने तीन तऱ्हा ठेवल्या. जिथे नांगरावर ठोक रक्कम द्यायची जुनी चाल होती तिथे ती मोडली नाही. दुसरी तऱ्हा बटाईची : पावसावरच्या धान्याचा निम्मा वाटा सरकारचा, विहिरीच्या पाण्यावरच्या धान्याचा तिसरा, आणि ऊस-द्राक्षांसारख्या बागायतीचा नवव्यापासून चौथ्यापर्यंत. पाणी काढायचे कष्ट जितके जास्त तितका सरकारचा वाटा कमी. तिसरी तऱ्हा जरीब टाकून मोजणी आणि उत्पन्नाच्या चौथ्या हिश्शाइतका बिघ्यामागे आकार. याचे गुणगान पुष्कळ झाले आहे. मला त्यातला शहाणपणा पहिल्या तऱ्हेत दिसतो. मोजायला साखळी हातात असताना जुनी चाल जशीच्या तशी सोडणारा दिवाण विरळा.

ही माहिती आपल्यापर्यंत ज्या ग्रंथातून आली, त्या 'मआसिरुल उमरा'चे नशीबही औरंगाबादच्या इतिहासाला शोभणारे. कर्ता शाहनवाजखान, निजामाच्या दरबारातला उमराव. नासिरजंगाच्या बंडाला साथ दिली म्हणून मर्जीतून उतरला आणि पाच-सहा वर्षे औरंगाबादेत घरी बसून राहिला. त्या रिकामपणात त्याने मोगल उमरावांची चरित्रे लिहायला घेतली. पुढे पुन्हा उदय झाला, दिवाणगिरी मिळाली, आणि मे १७५८ मध्ये शहरातच त्याचा खून झाला. वाडा लुटला गेला. लुटीत हस्तलिखितही गेले. त्याचा मित्र, कवी आणि पंडित गुलाम अली आझाद बिलग्रामी याने शोध चालू ठेवला. बऱ्याच काळाने सुटी, अपुरी पाने हाती आली. ती त्याने लावली, प्रस्तावना जोडली. नंतर शाहनवाजखानाचा मुलगा अब्दुल हय्य याने भर घालून ग्रंथ पुरा केला. आझाद बिलग्रामीची कबर खुलदाबादला आहे, वेरूळच्या कड्याच्या माथ्यावर. त्या लुटीत पाने कोणा भटारखान्याच्या चुलीत गेली असती, तर सतराव्या शतकातल्या दख्खनी शेतकऱ्याचा विहिरीवरचा वाटा तिसरा होता हे आज आपल्याला कुठून कळले असते?

मुर्शिद कुलीखान इथे मोजणी करत होता त्याच १६५० च्या दशकात आयर्लंडात विल्यम पेटी जमीन मोजत होता. क्रॉमवेलच्या फौजेने तो देश जिंकला होता आणि जप्त केलेल्या जमिनी शिपायांना व सावकारांना वाटायच्या होत्या. पेटीने मोजणी बॅरनीवार केली. बॅरनी म्हणजे आपल्या परगण्यासारखाच, परगण्याइतकाच जुन्या टोळीवतनांवर बेतलेला भूभाग. आयर्लंडात अशा तीनशेहून अधिक बॅरनी आहेत. १८९८ च्या कायद्यानंतर त्यांना कारभारात काही काम उरले नाही, तरी जमिनीच्या खतांतून त्या आजही डोकावतात. एकाच दशकात दोन जेत्या सत्तांनी दोन टोकांना साखळी टाकली. फरक राहिला तो कागदात. पेटीने नकाशे काढले, मोगल दप्तराने याद्या केल्या. म्हणून आयरिश बॅरनीची हद्द आज बोटाने दाखवता येते. वेरूळ परगण्याची हद्द सांगायची तर गावांची नावे एकेक करून लावावी लागतात. शाहजहान आणि औरंगजेब यांच्या काळातले दख्खन दप्तराचे लाखाहून अधिक कागद हैदराबादच्या अभिलेखागारात आहेत. त्यांतले निवडक युसुफ हुसेनखान यांनी १९५० पासून छापायला सुरुवात केली. त्यांत जहागिरीच्या तनख्याची, घोड्यांच्या डागांची आणि परगण्यांच्या जमेची पाने मिळतात. नकाशा मिळत नाही.

मराठ्यांचा अंमल या सगळ्यात शिरला तो जमीन न घेता. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दख्खनेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. ग्रँट डफने या सहा सुभ्यांचा जो तक्ता दिला आहे त्यात औरंगाबाद सुभ्याचा आकार १ कोटी २३ लाख ७६ हजार ४२ रुपये आहे. सहाही सुभ्यांचा मिळून अठरा कोटींच्या वर. हा आकडा कागदी होता हे देणारा आणि घेणारा दोघेही जाणून होते. पण हक्क मोजायचा तर तो जुन्या पूर्ण तनख्यावर, हा मराठ्यांचा आग्रह होता. परगणा अर्धा ओसाड असला तरी बाकी पुऱ्या रकमेची धरायची, म्हणजे भांडायला कारण कधी संपत नाही.

आता एका गावाचा हिशेब मांडून पाहू. गावाचा तनखा हजार रुपये धरला, तर चौथाईचे अडीचशे आणि सरदेशमुखीचे शंभर. अडीचशेपैकी चौथा हिस्सा, ६२ रुपये ८ आणे, ही राजाची बाबती. उरलेल्यातून चौथाईच्या शेकडा सहाप्रमाणे १५ रुपये सहोत्रा, शेकडा तीनप्रमाणे ७ रुपये ८ आणे नाडगौंडा, आणि बाकीचे १६५ रुपये ऐन मोकासा, तो सरदाराच्या फौजखर्चाला. बाबती एकाकडे, सहोत्रा दुसऱ्याकडे, मोकासा तिसऱ्याकडे, सरदेशमुखी चौथ्याकडे. उरलेल्या साडेसहाशेत निजामाचा जहागीरदार. यात देशमुखाचा, पाटलाचा, देवस्थानाचा हक्क अजून धरलेलाच नाही. पेरणारा एक आणि खळ्यावर उभे राहणारे सात-आठ. त्या काळात जमिनीची मालकी क्वचितच तुटली. तुटत गेला तो तिच्यावरचा हक्क, आणि दर पिढीला आणखी बारीक.

पालखेडची लढाई फेब्रुवारी १७२८ ची. गाव आजच्या वैजापूर तालुक्यात, वेरूळच्या पश्चिमेला. ६ मार्चला मुंगी-शेवगावच्या तहात निजामाने चौथाई-सरदेशमुखी पुन्हा कबूल केली. १७६० मध्ये उदगीरनंतर साठ लाखांच्या घरातला मुलूख आणि दौलताबाद मराठ्यांकडे आला, पुढच्या वर्षी पानिपताने चक्र फिरले, १७६३ ला राक्षसभुवनावर पुन्हा उलटे. या घालमेलीत मोकाशाचे हक्क पुष्कळ ठिकाणी पुऱ्या अंमलात बदलले. जालना, गंगापूर शिंद्यांकडे. अंबड, वेरूळ होळकरांकडे. औरंगाबाद शहर निजामाचे, पण शहराच्या वेशीबाहेर दिवसभर घोडा दौडवला तर तीन अंमल ओलांडले जात.

होळकरांचा वेरूळशी संबंध सांगताना सगळे घृष्णेश्वराचे देऊळ दाखवतात. जीर्णोद्धाराचे श्रेय मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई आणि सून अहिल्याबाई यांना दिले जाते. श्रद्धा म्हणून हे ठीक, अंमलाचा पुरावा म्हणून पुरेसे नाही. अहिल्याबाईंनी काशीला, गयेला, सोमनाथला बांधकामे केली, तिथे होळकरांचा एक पैचा वसूल नव्हता. देवळावरून हद्द ठरवू लागलो तर होळकरशाही हरिद्वारापासून रामेश्वरापर्यंत काढावी लागेल. वेरूळ होळकरांचे होते हे पक्के सांगतो तो १८१८ चा तह, कारण जे आपले नाही ते तहात कोणी सोडून देत नाही.

उलट दिशेने हीच कसोटी १८०३ च्या कागदाला लावता येते. २३ सप्टेंबरला असई, ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह. चौथ्या कलमाने दौलतराव शिंद्यांनी अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेचा आपला सगळा मुलूख सोडला : जालन्याचा किल्ला व परगणा, गंगापूर शहर व परगणा, आणि डोंगर ते गोदावरी यांमधले बाकी सारे. वेरूळ नेमके याच पट्ट्यात आहे, पण त्याचे नाव नाही. असायचे कारणच नव्हते, कारण ते शिंद्यांचे नव्हते. एप्रिल १८०४ च्या वाटणीच्या तहाने कंपनीने हा पट्टा निजामाला दिला. वेरूळ मध्येच बेटासारखे उरले, पुढची चौदा वर्षे.

त्याच सुर्जी-अंजनगावच्या तहातले आठवे कलम मला सगळ्यांत बोलके वाटते. पिढीजात म्हणून जी गावे शिंद्यांना परत ठेवायची होती त्यांची ती यादी आहे. जांबगाव, रांजणगाव ही नावे आहेत, शेवगाव परगण्याचा अर्धा भाग आहे. मग परगण्यांतली सुटी गावे : अंबड परगण्यातली सहा, पैठण परगण्यातली पाच, नेवासे परगण्यातली पाच, पुणे परगण्यातली सहा, वाईतली दोन. असईच्या मैदानावर एवढी माणसे पडली, आणि तहाला बसल्यावर शिंद्यांचा कारकून 'पैठणची पाच' विसरला नाही. हे कलम लिहायला कोणी नकाशा उघडला नसणार. देहझाडाच उघडला असणार. इंग्रजी प्रतीत अंबडचे 'अंबर' आणि पैठणचे 'पायटन' झाले आहे. त्यामुळे घाईने वाचणारा अंबर वाचून जयपूरकडे पाहू लागतो. शेजारी शेवगाव, पैठण, नेवासे ही नावे आहेत हे लक्षात घेतले की शंका राहत नाही.

त्या वर्षांत लेण्यांना पाहुणे येतच होते. पुण्याच्या रेसिडेन्सीत चित्रे काढणाऱ्या गंगाराम तांबटाने १७९० च्या दशकात वेरूळची लेणी कागदावर उतरवली. तिथला रेसिडेंट मॅलेट याने त्यांचे वर्णन छापले. जॉन सीली १८१० मध्ये आला आणि त्याचे जाड पुस्तक १८२४ मध्ये निघाले. तो आला तेव्हा परगणा होळकरांचा होता. पुस्तक बांधून दुकानात लागले तोवर तो आधी कंपनीचा आणि मग निजामाचा होऊन गेला. पुस्तकात कैलासाच्या हत्तींची मापे आहेत, खांब मोजलेले आहेत. ही सगळी मंडळी शिल्प पाहायला आली होती, पायथ्याच्या रानाचा वसूल कोणाच्या तिजोरीत जातो हे त्यांनी पाहिले तरी ओझरते.

मंदसोरने वेरूळ कंपनीकडे आले खरे, पण कंपनीला ते परवडणारे नव्हते. चहूबाजूंनी निजामाचे राज्य असलेल्या एका परगण्यासाठी ठाणे, खजिना, न्यायकचेरी सांभाळायची कोणी? पेशवाई नुकतीच संपली होती आणि अशा मिसळलेल्या गावांचे त्रांगडे सगळ्या दख्खनभर झाले होते. १२ डिसेंबर १८२२ च्या हैदराबादच्या तहाने त्याचा निकाल लागला. पेशव्यांच्या नावाने निजामाकडे राहिलेली चौथाईची मागणी कंपनीने सोडली, एकमेकांत अडकलेल्या गावांची अदलाबदल झाली आणि वेरूळ निजामाकडे गेले. १७१९ च्या सनदेने जो हिशेब सुरू झाला तो १०३ वर्षांनी वेरूळपुरता बंद झाला. आता खळ्यावर एकच सरकार होते. रयतेचा वाटा त्यामुळे वाढला असे समजायचे मात्र कारण नाही. पुढची तीसेक वर्षे हैदराबादचे दिवाण परगणे मक्त्याने देत राहिले, आणि मक्तेदार मोकासदारापेक्षा मवाळ नव्हता.

पहिल्या सालारजंगाने १८५३ मध्ये दिवाणगिरी हाती घेतल्यावर मक्ते मोडायला सुरुवात केली. १८६५ च्या जिल्हाबंदीने औरंगाबाद जिल्हा झाला, पगारी तालुकदार आणि तहसीलदार आले. देशमुख-देशपांड्यांना वसुलीतून बाजूला काढून रोख रुसूम बांधून दिले. परगणा संपला तो इथे. त्याच्या दोन्ही वतनदारांना आता घरी बसून रक्कम मिळत होती आणि दप्तर तहसिलीत गेले होते. १८८४ मध्ये औरंगाबादचे गॅझेटिअर निघाले तोवर माहिती तालुकावार लावण्याची रीत रुळून गेली होती.

तालुके मात्र शून्यातून आखले नाहीत. तहनाम्यांतली नावे पुन्हा वाचा : जालना, गंगापूर, अंबड, पैठण, शेवगाव, नेवासे. सगळी आज तालुक्याची ठिकाणे आहेत. एकटे वेरूळ मागे राहिले. त्याची गावे ज्या तालुक्यात गेली त्याचे ठाणे वर, खुलदाबादला. तिथे सूफी दर्गे, तटबंदी, औरंगजेबाची कबर, आणि हैदराबादच्या राजघराण्याच्या दृष्टीने त्याहून मोलाची पहिल्या असफजाहाची कबर. ज्या गावावर आपला हक्क चौदा वर्षे बेटासारखा अडून राहिला होता, त्याला ठाणे करण्यापेक्षा मूळपुरुषाच्या कबरीजवळ ठाणे ठेवणे त्यांना स्वाभाविक वाटले असणार. हा माझा तर्क आहे, पण दोन ठिकाणांमधले अंतर पाहता दुसरे सबळ कारण दिसत नाही. पाणी आणि काळी जमीन दोन्ही खालीच होती.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली आणि उरलेसुरले धागेही सुटले. १५ ऑगस्ट १९४९ ला जहागिरी खालसा झाल्या, १९५४ च्या कायद्याने इनामे आणि रोख नेमणुकाही संपवायला घेतल्या. १९८१ मध्ये जालना जिल्हा वेगळा निघाला आणि अंबड तिकडे गेले. शिंद्यांच्या कारकुनाने १८०३ मध्ये एका दमात लिहून घेतलेल्या गावांपैकी अंबडची सहा आज जालना जिल्ह्याच्या बाजूला, पैठणची पाच छत्रपती संभाजीनगरच्या आणि नेवाशाची पाच अहिल्यानगरच्या बाजूला शोधावी लागतात. वेरूळच्या सातबाऱ्यावर तालुका खुलदाबाद असे लागते.